भन्ते आले नाहीत, तर दान कुणाला?

वास्को, फोंडा किंवा म्हापशाकडच्या एखाद्या बौद्ध घरात कुणी वारलं की काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक पत्रिका फिरते. वर बुद्ध आणि बाबासाहेब, मध्ये दिवंगताचा फोटो, खाली मजकूर: ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’. शेवटच्या ओळीत भोजनाची वेळ. शेजारच्या हिंदू घराला हे बाराव्या-तेराव्यासारखं वाटतं, ख्रिस्ती घराला महिन्याच्या मिसासारखं. पण इथं कावळ्यासाठी पान वाढलेलं नसतं, पिंड नसतो, भटजी नसतो. कित्येकदा भिक्खूही नसतो. मग हे जेवण कशासाठी? आणि पुण्य म्हणायचं ते नेमकं कुणाचं?

या प्रश्नाचं उत्तर जरा लांबचं आहे. बौद्ध समाजांत अन्नदान जवळजवळ अडीच हजार वर्षं चालत आलंय. एवढ्या काळात शिजवणारे हात बदलले, ताटातले पदार्थ बदलले, देश बदलले. पण प्रत्येक मोठ्या बदलाच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: घेणारा बदलला. दान समजून घ्यायचं तर देणाऱ्याकडे पाहण्याआधी घेणाऱ्याकडे पाहावं.

पुण्य चालतं कसं

पुण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर कुठंतरी चालू असलेलं जमाखर्चाचं पुस्तक येतं. बौद्ध परंपरेतली कल्पना मनाच्या जास्त जवळची आहे. कर्म म्हणजे चेतना, म्हणजे ज्या हेतूने माणूस वागतो तो हेतू. दान देणाऱ्याचं मन देण्याआधी आनंदी असावं, देताना प्रसन्न असावं आणि दिल्यानंतर समाधानी असावं, असं अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात सांगितलंय. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड. पंगत उठल्यावर ‘अमक्याने किती खाल्लं’ हा हिशेब ज्या घरात सुरू होतो, तिथं हा तिसरा भाग गेलाच म्हणायचा.

पण नुसता हेतू पुरत नाही. घेणारा कोण यालाही या परंपरेत वजन आहे. संघाला ‘पुण्यक्षेत्र’ म्हणतात, म्हणजे पुण्य पेरायचं शेत. चांगल्या जमिनीत टाकलेलं बी जास्त पिकतं, हा त्यातला विचार. मज्झिम निकायातल्या एका सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनात, घेणाऱ्यांची चढती उतरंडच लावलेली आहे. प्राण्याला घातलेल्या घासापासून ती सुरू होते आणि वर जात जात शेवटी सांगते, की एकट्यादुकट्या व्यक्तीला दिलेल्या दानापेक्षा संघाला दिलेलं दान मोठं. हा मुद्दा लक्षात ठेवा. संघ म्हणजे अमुक भन्ते (भिक्खूला आदराने असं म्हणतात) नव्हेत, ती संस्था आहे. आवडत्या भन्तेंना घरी बोलावून जेवू घालणं आणि संघाला जेवू घालणं यांत परंपरा फरक करते.

याच परंपरेत उलट्या बाजूने जाणारं एक सुत्तही आहे. वेलाम नावाच्या ब्राह्मणाने सोन्याचांदीची ताटं, हत्ती, गाई असं डोळे दिपवणारं दान केलं. बुद्ध म्हणतात, त्याहून एका सम्यक दृष्टीच्या माणसाला जेवू घालणं मोठं. त्याहून संघासाठी विहार बांधणं मोठं. त्याहून त्रिशरण, त्याहून पंचशील, त्याहून क्षणभराची मैत्रीभावना, आणि चुटकी वाजवण्याइतक्या वेळात अनित्यतेची जाणीव झाली तर ती या सगळ्याहून मोठी. म्हणजे अन्नदान ही पायरी आहे, पण पहिली. ‘अन्नदान म्हणजेच धम्म’ म्हणणारे आणि ‘अन्नदान म्हणजे कर्मकांड’ म्हणणारे, दोघांनाही हे सुत्त पुरेसं अडचणीचं आहे.

आता राहिलं अनुमोदन. पुण्य करण्याच्या दहा प्रकारांच्या जुन्या यादीत दोन प्रकार असे आहेत, की त्यांना खिशातला एक पैसाही लागत नाही: आपल्या पुण्यात दुसऱ्याला सामील करून घेणं, आणि दुसऱ्याने केलेल्या चांगल्या कामाने मनापासून आनंदित होणं. पुण्यानुमोदन म्हणजे हे. घरच्यांनी दान केलं, जमलेल्यांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं, की तेही भागीदार. यात वाटल्याने कमी होणारं काही नाही. एका दिव्यावरून दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड घटत नाही, तसं.

मृतांचा संबंध येतो तो तिरोकुड्ड सुत्तातून. त्यामागची गोष्ट अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या टीकेत, येते. राजा बिंबिसाराने बुद्धांना भोजन दिलं, पण ते आपल्या गेलेल्या नातलगांच्या नावे करायचं त्याला सुचलं नाही. रात्री त्याच्या वाड्याभोवती मेलेल्या आप्तांचा आक्रोश ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दान दिलं आणि पाणी सोडत म्हटलं, ‘इदं मे ञातीनं होतु’, हे माझ्या नातलगांसाठी असो. सुत्त म्हणतं, तिकडे शेती नाही, गुरं नाहीत, व्यापार नाही. उंचावर पडलेलं पाणी जसं सखल भागाकडे वाहतं, तसं इथून दिलेलं तिकडे पोचतं. जलदानातलं पाणी हे. तांब्यातून हळूहळू वाटीत धार सोडायची, वाटी भरून वाहू लागेपर्यंत. श्रीलंकेतही हेच करतात, वास्कोतही हेच.

वाडग्याचे नियम

बुद्धकाळातला घेणारा कसा होता? भिक्खूला चार गोष्टींवर जगायचं होतं: चीवर, पिंडपात, निवारा, औषध. पिंडपात म्हणजे वाडग्यात पडेल ते अन्न. त्यावरचे विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, नियम मोठे मजेशीर आहेत. भिक्खूने शिजवायचं नाही. उद्यासाठी साठवायचं नाही. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. आणि कुणी हातात दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. पहिल्यांदा वाचताना वाटतं, एवढा छळ कशाला? थोडा विचार केला की कळतं, हे नियम भिक्खूला रोज गावात यायला भाग पाडतात. साठवण नसल्यामुळे उद्याही यावं लागणार. स्वयंपाक नसल्यामुळे कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागणार. रानात जाऊन समाजाला विसरायची सोयच ठेवलेली नाही, आणि समाजालाही भिक्खूला विसरता येत नाही.

याच्या जोडीला भिक्खूने स्वेच्छेने घ्यायचा एक नियम आपल्याकडच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा: घरं गाळायची नाहीत. श्रीमंताचं घर गाठण्यासाठी गरिबाचं घर ओलांडून जायचं नाही, ओळीने भिक्षा घ्यायची. शिजवलेलं अन्न कुणाच्या हातचं चालतं नि कुणाच्या हातचं चालत नाही यावरच जिथं जातीचा सारा डोलारा उभा, तिथं हा नियम किती मोठा होता ते वेगळं सांगायला नको.

ताटात काय असावं यावर मात्र परंपरा फारशी अडून बसली नाही. घरात जे शिजतं ते वाढायचं. बुद्धांचा विरोधक बनलेल्या देवदत्त या भिक्खूने इतर भिक्खूंना मासळी-मांस कायमचं बंद करावं अशी मागणी केली होती, ती बुद्धांनी मानली नाही. अट घातली ती तीन गोष्टींची: हा प्राणी आपल्यासाठी मारला असं भिक्खूने पाहिलेलं, ऐकलेलं नसावं आणि तशी शंकाही नसावी. गोव्यातल्या घराला हा नियम सोयीचा म्हणावा असा. रोजच्या कढीत बांगडा असणाऱ्या घरानेही दान द्यायला हरकत नाही. तरीही इथल्या आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक पुण्यानुमोदनाच्या जेवणात वरण-भात, पुरी-भाजी, खीर किंवा बुंदीच असते. पहिल्या शीलाचा, म्हणजे अहिंसेचा, मान हे एक कारण, आणि चारचौघांत कुणी बोट दाखवू नये हे दुसरं. दुसरं कारण सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

या वादात एका गोंयकाराचं नाव घेतलंच पाहिजे. धर्मानंद कोसंबी, जन्म ९ ऑक्टोबर १८७६, साखवाळ. संस्कृत शिकायला म्हणून घर सोडलं आणि १९०२ मध्ये श्रीलंकेत प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, घेतली. दरवर्षी पणजीत विचारमहोत्सव भरतो तो त्यांचे चिरंजीव दामोदर यांच्या नावाने. धर्मानंदांची आठवण मात्र तितकीशी निघत नाही. बुद्ध मांस खात होते असं त्यांनी पाली आधार देऊन ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात लिहिलं आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. चुंद लोहाराने बुद्धांना वाढलेल्या शेवटच्या जेवणातला ‘सूकरमद्दव’ हा पदार्थ डुकराचं मांस होतं की कंद की अळंबी, हा वाद आजही मिटलेला नाही. खुद्द कोसंबींनी आयुष्याच्या अखेरीस सेवाग्रामात अन्न सोडून, ४ जून १९४७ रोजी देह ठेवला.

शेत विकत घेऊन दिलेलं जेवण

पहिला मोठा बदल कसा झाला ते पाहायला नाशिकच्या पांडवलेण्यांत जावं लागतं. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना (ही त्या काळची नाणी) एक शेत विकत घेतलं, ते या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून. शिवाय गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. २,००० वर महिन्याला शेकडा एक व्याज, १,००० वर पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेखात वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत असं आहे. गणित चोख बसतं. आपल्याकडे देवस्थानाच्या नावे मुदतठेव ठेवून ‘व्याजातून दरवर्षी महाप्रसाद’ असं लिहितात, त्याचा हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा नमुना.

बारकाईने पाहिलं तर इथं काय झालंय? देणारा एकदाच देतो, पण खाणारे पिढ्यान्‌पिढ्या खातात. दारात उभं राहणं संपलं. वाडगा राहिला, पण गावातली फेरी राहिली असेल किंवा नसेल. अन्न आता खंडातून आणि व्याजातून येतं. पुढे नालंदेसारख्या महाविहारापर्यंत हेच वाढत गेलं. तिथल्या खर्चासाठी शंभर गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं, असं ह्युएनत्संगाच्या चरित्रात आहे. कोकणपट्टीतही दाखले आहेत. दक्षिण कोकणावर राज्य करणाऱ्या भोजांपैकी असंकितवर्म्याचा हिरेगुत्तीचा ताम्रपट एका गावाचं दान बौद्ध विहाराला दिल्याचं सांगतो. गोव्यात लामगाव, रिवण इथल्या गुंफा बौद्धांच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात, आणि १९३० मध्ये फादर हेरास यांना कोलवाळजवळ मुशीरला बुद्धमूर्ती मिळाली. तिथं राहणाऱ्या भिक्खूंना कोण जेवू घालत होतं, हे मात्र त्या दगडांवर लिहिलेलं नाही.

सोय झाली तसा तोटाही झाला, असं माझं मत. ज्या विहाराला शेजारच्या गावाच्या भाकरीची गरज उरत नाही, त्या विहाराची गावालाही हळूहळू गरज उरत नाही. राजाश्रय संपला, गावं काढून घेतली गेली, की अशा विहाराला उभं राहायला जमीन राहत नाही. बौद्ध धर्म भारतातून ओसरण्याची कारणं अनेक आहेत. हे एकच कारण म्हणून पुढे करणार नाही, पण यादीत असायला हवं.

चीनमध्ये वेगळाच मार्ग निघाला. तिथं भीक मागणाऱ्या साधूला मान नव्हता आणि विहार डोंगरांत होते. नवव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या बाइझांग या गुरूच्या नावावर एक वचन आहे: एक दिवस काम नाही, तर एक दिवस जेवण नाही. भिक्खू शेती करू लागले. जुन्या विनयात जमीन खणायलाही मनाई आहे, तरी केली. गोव्याहून हुबळीच्या वाटेवर गेलात तर आडबाजूला मुंडगोड लागतं. तिथल्या तिबेटी वसाहतीत १९५९ नंतर आलेल्या भिक्खूंनी सरकारने दिलेल्या जमिनीवर मका आणि भात पिकवलेला आहे. त्यांच्या मोठ्या सभांत दात्याने सगळ्यांसाठी चहा-रोटी देण्याची रीत आहे. हिवाळ्यात कळंगुट-हणजुणेच्या बाजारात स्वेटर आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या तिबेटी बायकांना तिच्याविषयी विचारून पाहा.

१९५६: हात फिरला

आता आपल्या पत्रिकेमागच्या खऱ्या गोष्टीकडे येऊ, कारण इथला बदल नाशिकपेक्षाही मोठा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी कुशीनाराच्या महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः उभं राहून लाखो लोकांना दीक्षा दिली. गृहस्थाने दीक्षा देणं हीच नवी गोष्ट होती. ज्यांनी ती घेतली त्यांतले बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार. या समाजाचं आणि अन्नाचं नातं काय होतं ते आठवा. गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची; ती बलुत्याचा हक्क म्हणून मिळायची, पण वरून टाकलेली, शिळी, हात न लागेल अशी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळेपाके तुकडे सोडा असं कळकळीने सांगितलं होतं. म्हणजे अन्न मागून घेणं ज्यांच्यावर लादलं गेलं होतं, त्यांनी आधी ते सोडलं आणि तीस वर्षांनी असा धर्म स्वीकारला, ज्यात सर्वांत आदरणीय माणूस हातात वाडगा घेऊन दारात उभा राहतो.

हे विसंगत वाटतं ना? पण हात कुठल्या बाजूला आहे ते बघा. आता घरची बाई देणारी आहे. तिच्या हातचं अन्न घ्यायला भन्ते तिच्या दारात येतात, खाली बसून जेवतात, जेवल्यावर तिच्यासाठी आशीर्वादाच्या गाथा म्हणतात. ‘ओळीने घरं घ्यायची, गाळायची नाहीत’ या जुन्या नियमाला या घरात जो अर्थ येतो, तो बँकॉकमधल्या घरात येत नाही. परलोकातल्या पुण्याचं काहीही असो, त्या घराला या लोकातच काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून ‘नवबौद्धांनी जुनंच कर्मकांड नव्या नावाने आणलं’ असं कुणी सहज म्हणून टाकलं की मला ते अर्धवट वाटतं.

अर्धवट, पण अगदी खोटंही नाही. बाबासाहेबांनी दीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी स्पष्ट सांगते, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आठवी म्हणते, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही. मग मरणानंतर करायचं काय? दुःख तर उरतंच, पाहुणे येतातच, त्यांना जेवायला लागतंच. ही पोकळी जलदान आणि पुण्यानुमोदनाने भरली. पाली परंपरेतलाच विधी, त्यामुळे प्रतिज्ञा मोडत नाही. आणि दहा-तेरा दिवसांची जी सवय हाडीमाशी खिळली होती, तिच्या जागी काहीतरी आलं. आता दिवस ठरतो तो बऱ्याचदा रविवार पाहून. काही घरांत गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक ताट फोटोपुढे ठेवतात. वडीलधारी बाई ते ठेवते, कार्यकर्ता मुलगा ते उचलायला सांगतो, आणि बहुतेक वेळा ताट तिथंच राहतं.

बाबासाहेबांना परंपरेतला पुनर्जन्माचा अर्थ आणि गेल्या जन्मीच्या कर्मामुळे हा जन्म वाट्याला आला, हा सिद्धांत मान्य नव्हता. कारण उघड आहे, त्याच सिद्धांताने अस्पृश्यतेचं समर्थन होत असे. भिक्खूंविषयीही त्यांचं मत तिखट होतं: बसून खाणारा भिक्खू नको, समाजाची सेवा करणारा हवा. म्हणजे एकीकडे पुण्य मृताला पोचतं ही समजूत डळमळीत झाली, दुसरीकडे पुण्यक्षेत्र म्हणून भिक्खूचं स्थानही. तरी बाविसांपैकी एका प्रतिज्ञेत दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे दहा गुण, पाळण्याचं वचन आहे आणि त्यांत पहिली पारमिता दानाची. दान ठेवायचं, पण कुणाला द्यायचं ते नव्याने ठरवायचं, असा पेच होता.

गोव्यात हा पेच जास्त जाणवतो, तो संख्येमुळे. १९५६ साली गोवा पोर्तुगीजांकडे होता. नागपूर ही सरहद्दीपलीकडची बातमी होती. आजही २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथं बौद्ध १,१०० च्या आसपास, महाराष्ट्रात ६५ लाखांवर. एवढ्याशा समाजाला कायम राहणारे भन्ते पोसणं कठीण. मग विधी बौद्धाचार्य करतात: पांढरे कपडे, दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी वंदना. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेने अशा गृहस्थांना तयार करायची पद्धत पाडली. बौद्धाचार्य गाथा म्हणतो, पण तो संघ नाही, भिक्खूही नाही. जुन्या उतरंडीत त्याला दिलेलं जेवण ‘संघदान’ होत नाही. तो यजमानासारखाच जेवतो, बहुतेकदा सगळ्यांच्या पंगतीत.

मग जेवण घेतं कोण? जमलेले सगळे. यालाच भोजनदान म्हणू लागले. घेणारा एक पवित्र माणूस होता, तो आता समाज झाला. गोव्याला हे तसं अनोळखी नाही. हिंदू घरांत म्हाळाला पितरांच्या नावाने जेवण होतं. ख्रिस्ती घरांत लग्नाआधी गेलेल्या पूर्वजांच्या आठवणीसाठी गरिबांना बोलावून जेवू घालायची ‘भिकाऱ्यांचें जेवण’ ही रीत आहे, आणि तिच्यात गरिबाच्या पोटातून पूर्वजाला शांती पोचते असाच भाव आहे. तीन धर्मांच्या या जेवणांची एकमेकांवर सावली पडलेली असणार. बौद्ध जेवणाचं वेगळेपण इतकंच, की तिथं ‘भिकारी’ म्हणून कुणाला बोलावत नाहीत. का बोलावत नाहीत, हे वरचा इतिहास वाचलेल्याला कळेल.

बाहेर काय चाललंय

श्रीलंकेत वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, रस्त्यारस्त्यावर ‘दन्सल’ लागतात. येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट भात, कॉफी, आइस्क्रीम. कोण कुठल्या धर्माचा हे विचारत नाहीत. आता त्यांची सार्वजनिक आरोग्य निरीक्षकांकडे नोंदणी करावी लागते आणि पाणी, भांडी, वाढणाऱ्यांची स्वच्छता तपासली जाते. पुण्यावर सरकारी देखरेख म्हणून हसणारे हसतात; पण हजारोंच्या पंगतीत विषबाधा झाली तर पुण्य राहिलं बाजूला.

थायलंडमध्ये भिक्खूंचं वजन, मधुमेह, रक्तदाब हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झालाय. दाते प्रेमाने देतात ते गोड, तळलेलं, बाजारातून आणलेलं. भिक्खूने निवड करायची नाही. दुपारनंतर घन अन्न नाही, पण गोड पेयं चालतात. २०१७ मध्ये तिथं भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनदच काढावी लागली. पूर्वी दाता स्वतः जे खायचा तेच द्यायचा. आता तो स्वतः एक खातो आणि दानासाठी दुसरंच, तयार पाकिटातलं विकत घेतो. रोग शिरला तो इथून. लाओसमधल्या लुआंग प्रबांगचं तर काय सांगावं! पहाटेची भिक्षाफेरी पाहायला पर्यटक येतात, फेरीवाल्याकडून चिकट भाताची टोपली घेतात, भिक्खूच्या तोंडावर कॅमेरा धरतात. किनाऱ्यावरच्या गोंयकाराला ही तऱ्हा नवी नाही.

सगळ्यांत बोलका प्रसंग म्यानमारचा. सप्टेंबर २००७ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंनी वाडगे पालथे केले. विनयात ‘पत्तनिक्कुज्जन’ नावाचं हे जुनं अस्त्र आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवीने एका निरपराध भिक्खूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने पहिल्यांदा ते वापरल्याची कथा आहे. त्याने माफी मागितल्यावर वाडगा पुन्हा सुलटा केला गेला. सेनाधिकाऱ्याच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, म्हणजे त्याला पुण्य कमवायची संधी द्यायची नाही. बंदूकवाल्याला हे झोंबलं, कारण पुण्यावर त्याचाही विश्वास होता. दानात घेणाऱ्याकडे केवढी सत्ता असते हे तिथं दिसलं. जिथं घेणारा म्हणजे सगळा जमलेला समाज, तिथं ‘तुझं जेवण नको’ असं कोण कुणाला सांगणार? संशयास्पद पैशावर मोठाली भोजनं घालणारे, आपला चेहरा फ्लेक्सवर बुद्धांपेक्षा मोठा छापणारे दाते सर्वच धर्मांत वाढलेत. त्यांच्यापुढे वाडगा पालथा करणारा कुणी उरलेला नाही.

हॉल, केटरर आणि वही

गोव्यातल्या छोट्या समाजात सध्याचे बदल व्यावहारिक आहेत. भाड्याच्या घरात पन्नास माणसांचा स्वयंपाक होत नाही, म्हणून हॉल. बायका नोकरीला जातात, म्हणून केटरर. दानपेटीशेजारी क्यूआर कोड. पत्रावळीऐवजी थर्माकोल आलं होतं. जुलै २०२२ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर पुन्हा सुपारीच्या झावळ्यांची ताटं दिसू लागली. वर्षावासाचे, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे, तीन महिने आषाढ पौर्णिमेपासून चालतात. त्या काळात पूर्वी भन्तेंना रोज कुणाच्या घरचं जेवण याची यादी लागायची, तिच्या जागी आता ‘आज ग्रंथवाचन कुणाच्या घरी’ याची यादी लागते, आणि वाचनानंतर चहा-पोहे. भुकेची वेळ तीच, फक्त घेणारा पुन्हा बदलला: आता तो श्रोता आहे.

तरुणांचं म्हणणं आणखी पुढचं. जेवणावर एवढा खर्च कशाला, मुलांच्या फीला द्या. महाराष्ट्रात सहा डिसेंबरला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याची जी चळवळ चालते, ती याच विचाराची. शिक्षणाला दिलेलं हे बाबासाहेबांच्या वाटेवरचं दान आहे यात शंका नाही. माझी एकच कुरबुर. वही देणारा आणि वही घेणारा एकत्र बसत नाहीत, पंगतीत बसतात. ज्यांच्या आज्यांना गावच्या पंगतीत जागाच नव्हती, त्यांनी पंगत इतक्या लवकर सोडू नये.

केटररबद्दलही एक सांगायचं राहिलं. दहा पुण्यक्रियांच्या त्या जुन्या यादीत ‘वेय्यावच्च’ आहे, म्हणजे सेवा: पाणी आणणं, वाढणं, भांडी घासणं. वर्गणी न देता नुसतं वाढणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्याचं वेगळं पुण्य येतं. केटरर आला की यादीतला तेवढा भाग पगारी होतो. काही मंडळांनी यावर साधा तोडगा काढलाय: भात-वरण हॉलवर, बाकी प्रत्येक घरातून एकेक भाजी, आणि वाढायला पुरुष. पुरुष वाढतात म्हणजे नेहमी थोडं सांडतंही.